मधल्या पायरीवरची पारख

रायबोसोमवर प्रथिनाची साखळी विणली जाते, हे शाळेपासून आपण वाचतो. त्या साखळीत कोणते अमिनो आम्ल बसणार याचा निवाडा मात्र रायबोसोमच्या बाहेर, आधीच झालेला असतो. मला या कथेत सर्वांत विलक्षण वाटते ते हेच.

१९५०च्या दशकात बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पॉल झॅमेक्निक यांचा गट उंदराचे यकृत वाटून त्या पेशीविरहित रसात प्रथिने घडवून पाहत होता. अमिनो आम्लांत किरणोत्सारी कार्बन-१४ असल्यामुळे त्यांचा माग काढता येई. अमिनो आम्ले आपणहून जुळत नाहीत, त्यासाठी ऊर्जा लागते. फॉस्फेट बंधांतल्या ऊर्जेची मांडणी १९४१ मध्ये करणारे फ्रिट्झ लिपमन याच रुग्णालयात होते. मेहलन होगलंड यांना ऊर्जेची ती पायरी सापडली. विकर अमिनो आम्लाची एटीपीशी गाठ घालते, दोन फॉस्फेट सुटतात आणि उरलेला एएमपी आम्लाला जोडला जातो. हा अल्पजीवी पदार्थ विकराला बिलगूनच राहतो.

मग हे आम्ल जाणार कुठे? आरएनए कसे बनते हे तपासताना झॅमेक्निक यांनी तुलनेसाठी किरणोत्सारी ल्यूसिन घातले. आरएनएच्या घडणीत ल्यूसिनला काही काम नाही, तरी ते एका लहान, विद्राव्य आरएनएला जोडलेले निघाले. १९५८ मध्ये त्यांनी हा दुवा सविस्तर प्रसिद्ध केला. इकडे केंब्रिजमध्ये फ्रान्सिस क्रिक यांनी १९५५ मध्येच, निव्वळ तर्काने, अशा जोडणाऱ्या रेणूची कल्पना मांडली होती. आज आपण त्याला टीआरएनए म्हणतो.

खरी कसोटी १९६२ची. शापव्हिल, लिपमन आणि सहकाऱ्यांनी सिस्टीनच्या टीआरएनएवर सिस्टीन चढवले आणि रॅनी निकेलने त्यातले गंधक काढून टाकले. सिस्टीनचे ॲलनिन झाले, वाहक मात्र तोच राहिला. हा वाहक प्रथिने घडवणाऱ्या रसात सोडल्यावर सिस्टीनच्या जागी बिनदिक्कत ॲलनिन बसले. प्रथिनाचा क्रम सांगणाऱ्या संदेशाशी जुळतो तो टीआरएनए. त्याच्या टोकाला कोणते आम्ल लटकले आहे, याची विचारपूस तिथे झाली नाही.

म्हणजे चूक टाळायची तर ती वाहकावर आम्ल चढवणाऱ्या विकरांनीच टाळायला हवी, आणि काम अवघड आहे. आयसोल्यूसिन आणि व्हॅलिन यांत एका कार्बनचा आणि दोन हायड्रोजनचा फरक. एवढ्याशा फरकावर विसांत एक चूक व्हावी, असा लायनस पॉलिंग यांचा अंदाज होता. झॅमेक्निक यांच्यासाठी किरणोत्सारी अमिनो आम्ले बनवणारे रॉबर्ट लॉफ्टफील्ड यांनी प्रत्यक्ष प्रथिनांत मोजले, तेव्हा चूक सुमारे ३००० मागे एक निघाली. १९६६ मध्ये पॉल बर्ग यांच्या प्रयोगशाळेने कारण दाखवले. आयसोल्यूसिनचे विकर व्हॅलिनलाही एएमपी जोडून बसते, पण आयसोल्यूसिनचा टीआरएनए समोर येताच ती चुकीची जोडी तोडून व्हॅलिन मोकळे करते.