पवनचक्कीखालचे सरडे

पवनचक्कीने पर्यावरणाचं किती नुकसान केलं, हे ठरवायची नेहमीची पद्धत म्हणजे तिच्या पायथ्याशी पडलेले मेलेले पक्षी आणि वटवाघळं मोजायची. ही पद्धत किती अपुरी आहे, हे साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या सरड्यांनी दाखवून दिलं.

ठोसेघरच्या वरच्या अंगाला असलेल्या या सड्यावर दोन दशकांहून अधिक काळ पवनचक्क्या फिरत आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर यांनी अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांच्यासोबत इथे अभ्यास केला. तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी एकाच पठाराचे दोन भाग तपासले, पवनचक्क्या असलेला आणि नसलेला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी होते आणि जमिनीवरच्या भक्ष्यावर त्यांच्या झडपाही कमी पडत होत्या. परिणामी त्यांचं भक्ष्य असलेले पंखागळ्याचे सरडे तिथे वाढले होते.

संख्या वाढली म्हणजे सरड्यांचं बरं चाललंय, असं वाटेल. पण जवळून पाहिल्यावर वेगळंच दिसलं. माणूस चालत गेला तर हे सरडे अगदी जवळ येईपर्यंत पळत नव्हते. रक्तातलं ताणाचं संप्रेरकही कमी होतं. शिकाऱ्याची भीतीच ओसरली होती. मात्र गर्दीमुळे खाण्यासाठी चढाओढ वाढली असावी, कारण त्यांची अंगं खालावलेली होती. मादीला आकर्षित करायला नर गळ्याखालचा निळा, काळा, केशरी पंखा फुलवतो. त्याचेही रंग इथे फिके होते. थोडक्यात, पवनचक्क्यांनी सर्वांत वरच्या शिकाऱ्याची जागा घेतली होती आणि तो बदल अन्नसाखळीत खालपर्यंत झिरपला होता. पायथ्याशी मेलेले पक्षी मोजून यातलं काहीच कळलं नसतं.

या अभ्यासालाही एक मर्यादा होती. पवनचक्क्या येण्यापूर्वी पठार कसं होतं, याची नोंद हाताशी नसल्यामुळे शेजारच्या भागाशी तुलना करावी लागली. खांब उभे राहण्याआधी निदान सगळ्या ऋतूंतली पाहणी झाली, तर पुढचा बदल नेमका कशामुळे झाला ते सांगता येतं. आपल्याकडे मात्र 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत पूर्वमंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांच्या यादीत पवनऊर्जा नाहीच.

आधी पाहून मग उपाय करणं अशक्य नाही. नॉर्वेतल्या स्मोला बेटावर आधीच्या नोंदी हाताशी ठेवून काही पवनचक्क्यांचं एकेक पातं काळं रंगवलं, तेव्हा तिथले पक्ष्यांचे मृत्यू सुमारे 70 टक्क्यांनी घटले.

कोळशाला पर्याय हवा, याबद्दल वाद नाही. पण वारा स्वच्छ आहे म्हणून जागेची तपासणी माफ करता येत नाही. पवनऊर्जेला पूर्वमंजुरीच्या यादीत आणावं आणि पहिला खांब रोवण्याआधी किमान एक वर्षाची पाहणी सक्तीची करावी.