पावणेचार इंची जवान आणि पाच रुपयांची ओ-रिंग

मित्रांनो, शीर्षक वाचून हा लेख एनसीसीबद्दल आहे असं कुणाला वाटलं असेल, तर तसं काही नाही. हा लेख आहे एका मोडक्या खेळण्याबद्दल. बऱ्याच जणांच्या घरी माळ्यावरच्या एखाद्या डब्यात मोठ्या दादाचा नाहीतर मामाचा जी. आय. जो पडलेला असतो. कंबरेतून दोन तुकडे, छाती एकीकडे आणि पाय दुसरीकडे. ‘तुटला’ म्हणून घरच्यांनी तो अजून भंगारात दिला नसेल, तर हा लेख जरूर पूर्ण वाचा. कारण बहुतेक वेळा तो तुटलेला नसतोच. त्याच्या पोटातलं एक रबर गेलेलं असतं, एवढंच!

आधी थोडा इतिहास. हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने १९६४ साली जी. आय. जो बाजारात आणला, तेव्हा तो चांगला फूटभर उंच होता. मुलगे ‘बाहुली’ घेणार नाहीत, म्हणून कंपनीने त्याला ‘ॲक्शन फिगर’ म्हणायला सुरुवात केली आणि तो शब्द पुढे सगळ्या धंद्यालाच चिकटला. (माझा रूममेट मात्र अजूनही “सबमिशन सोडून बाहुल्या काय खेळतोस?” असंच विचारतो.) १९८२ साली हा जवान पावणेचार इंचांचा होऊन परत आला. छोट्या आकाराचा फायदा असा, की त्याच्या मापाचे रणगाडे आणि विमानंसुद्धा विकता येतात. भारतात एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून सुरू केलेल्या फनस्कूल कंपनीने हे जवान विकले. या कंपनीचा एक कारखाना आपल्या शेजारी गोव्यातच आहे. इथल्या जवानांचे रंग काही वेळा अमेरिकन जवानांपेक्षा वेगळे असायचे, म्हणून परदेशातले संग्राहकही ते शोधत असतात.

मला मिळाला तो फनस्कूलचा ‘फ्लिंट’. डोक्यावर तिरकी टोपी, छातीवर काडतुसांचा पट्टा. रविवारच्या जुन्या बाजारात चार्जर, नळाच्या तोट्या आणि कॅसेटी यांच्या ढिगात तो दोन भागांत पडला होता. विक्रेते काका म्हणाले, “दोन्ही तुकड्यांचे मिळून ऐंशी.” शेवटी साठला सौदा झाला.

अशी वस्तू घेताना काय बघायचं? कंबरेतून वेगळी झालेली फिगर बघून घाबरू नका, तो सर्वांत स्वस्त आजार आहे. महागडे आजार वेगळे. पहिला म्हणजे हाताचे अंगठे. अंगठा म्हणजे जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचा कॅन्टिलिव्हर. त्यात जाड मुठीची बंदूक कोंबली की तो मुळाशी मोडतो. दुसरा, दोन पायांच्या मधला कंबरेचा तुकडा. तो बारीक असतो आणि पाय जोरात फाकवले की चिरतो. तिसरा, कोपरातल्या रिव्हेटभोवतीच्या भेगा. चौथा, पाठीवरच्या स्क्रूचं डोकं. ते झिजून गोल झालं असेल तर फिगर उघडणंच कठीण. आणखी एक गोष्ट. अंगावर बारीक अक्षरांत साल कोरलेलं दिसलं, तर ते डिझाइनच्या हक्काचं साल असतं. जुना साचा पुढे कितीतरी वर्षं वापरला जातो, त्यामुळे ‘१९८५’ दिसलं म्हणजे माल १९८५चा, असं समजून जास्त पैसे देऊ नका. माझ्या फ्लिंटचा उजवा अंगठा गेलेला होता, बाकी सगळं शाबूत होतं.

आता मुख्य मुद्दा, आतली रचना. पाठीवरचा एकच स्क्रू काढला की छाती आणि पाठ वेगळी होते. आत डोकं आणि हात नुसते खाचांत बसवलेले असतात. दोन्ही पाय एका धातूच्या हुकावर अडकवलेले असतात. या हुकात एक काळी ओ-रिंग असते आणि तिचं दुसरं टोक छातीच्या आत, स्क्रू ज्या खांबातून जातो त्याला अडकवलेलं असतं. म्हणजे कंबर, पाय आणि धड या सगळ्यांना एकत्र ओढून धरते ती एकटी ओ-रिंग.

ओ-रिंग म्हटलं की मेकॅनिकलवाल्यांना २८ जानेवारी १९८६ची ‘चॅलेंजर’ यानाची दुर्घटना आठवते. तिथे थंडीने कडक झालेली ओ-रिंग वेळेत फुगून फट बंद करू शकली नाही. ओ-रिंगचं नेहमीचं काम तेच, दाबलं जाऊन फट बंद करणं. आपल्या जवानाच्या पोटात मात्र ती स्प्रिंगसारखी कायम ताणलेली असते. आणि ताणलेल्या रबराचा शत्रू म्हणजे हवेतला ओझोन. तो रबराच्या साखळीतले दुहेरी बंध तोडतो आणि ताणाच्या काटकोनात बारीक भेगा पडत जातात. म्हणून पाकिटातून कधीच न काढलेला जवानसुद्धा एक दिवस आपोआप कंबरेतून सुटतो. त्यात मुलांचा काहीही दोष नाही!

नवी रिंग हार्डवेअरच्या दुकानात पाच रुपयांत मिळाली. माप घेताना जुन्या रिंगवर विश्वास ठेवू नका, ती ताणून लांब झालेली असते. हूक आणि खांब यांच्यातलं अंतर व्हर्नियरने मोजा, त्याहून थोडी लहान रिंग घ्या आणि आसपासच्या मापाच्या दोन-तीन जास्तीच्या आणा. रिंग फार घट्ट झाली तर कंबरेचा तुकडा आणि खांब यांच्यावर ताण येतो, सैल झाली तर पाय लोंबतात. दुकानात बहुधा नायट्राइल रबराची रिंग देतात. ते तेलाला टिकतं, पण ओझोनपुढे कच्चं पडतं. ईपीडीएमचं उलट, ओझोनला टिकतं आणि खनिज तेलात फुगतं. आपल्या कामाला ईपीडीएम मिळालं तर उत्तम. मात्र मग तेलाचा थेंब आत जाऊ द्यायचा नाही.

स्क्रू गंजलेला असेल तर डोक्यावर हलक्या तेलाचा एकच थेंब टाका, रात्रभर थांबा आणि फिगर उघडल्यावर तेल नीट पुसून घ्या. घड्याळजीच्या सेटमधला बरोबर मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, ‘चालून जाईल’ असा नको. सुटे भाग कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश यांनी धुवा. थिनर आणि ॲसिटोन लांब ठेवा, रंगासकट प्लॅस्टिकही विरघळेल.

परत जोडताना मला आमच्या वर्कशॉपच्या मामांचा सल्ला उपयोगी पडला. ते म्हणाले, “अरे, स्क्रू आधी उलटा फिरव. टक् झालं, की मग सुलटा.” प्लॅस्टिकमध्ये स्क्रूने स्वतःचे आटे पाडलेले असतात. उलटा फिरवताना टक् होतं तेव्हा तो जुन्या आट्यात बसतो. नाहीतर दर वेळी नवे आटे कापले जातात आणि भोक मोठं होतं. स्क्रू टेकला की थांबायचं. डोकं धरून उचलल्यावर पाय लोंबकळले नाहीत आणि टेबलावर जवान स्वतःच्या पायांवर उभा राहिला, की पास.

राहिला अंगठा. त्याला नुसता फेविक्विक पुरत नाही. चिकटायला जागा इतकीशी, की पहिल्याच धक्क्याला निघून येतो. म्हणून पीसीबीच्या बारीक बिटने, हातानेच फिरवत, तळव्यात छोटं भोक पाडलं. लवचीक वायरमधली तांब्याची एक तार त्यात बसवली, म्हणजे आपल्या आरसीसीतली सळई, आणि तिच्यावर एम-सीलचा अंगठा घडवला. वाळल्यावर पॉलिश पेपर मारून फक्त तेवढ्यावरच ॲक्रिलिक रंग दिला. टोपीवरचा घासलेला रंग मुद्दाम तसाच ठेवला. कुणीतरी लहानपणी हा जवान भरपूर खेळवला, याची ती खूण आहे.

यानंतर खरी परीक्षा आली. ओळखीतून एक संग्राहक भेटले आणि फोटो बघून नऊशे रुपये द्यायला तयार झाले. रूममेट म्हणाला, “अंगठ्याचं बोलू नकोस, ओळखू येत नाही.” खरंच येत नव्हतं. तरीही मी सांगितलं, रिंग नवी, उजवा अंगठा बनवलेला. भाव साडेपाचशेवर आला आणि मी दिला. रूमवर मला वेड्यात काढलं गेलं. पण विचार करा, ते त्या हातात बंदूक देणार, अंगठा हलणार आणि मग प्रत्येक सांध्याबद्दल शंका येणार. दुरुस्ती लपवली की ती फसवणूक होते, सांगितली की ते काम ठरतं. तेव्हापासून मी प्रत्येक दुरुस्तीची चिठ्ठी लिहून वस्तूसोबत देतो, काय बदललं, काय बनवलं, कशाला हात लावला नाही.

मित्रहो, हा जवान वाचला कारण ज्याने तो डिझाइन केला त्याने पाठीवर एक स्क्रू ठेवला. त्याने तुकडे डिंकाने चिकटवून टाकले असते, तर पाच रुपयांच्या रबरासाठी अख्खा जवान कचऱ्यात गेला असता. उद्या आपणही काही ना काही डिझाइन करणार आहोत. तेव्हा खर्च कमी करायला कुणी तो स्क्रू काढायला सांगितला, तर निदान एकदा तरी नाही म्हणून बघा. आणि सुट्टीत घरी गेलात, की माळ्यावरचा तो डबा उघडायला विसरू नका!