खतावणीत न चढलेली पदके

घरातील थोरले गेले की त्यांची पत्र्याची पेटी उघडली जाते. ज्या घरातून कोणी सैन्यात गेले होते, त्या घरच्या पेटीत जमिनीच्या उताऱ्यांखाली एक लहानसे, झिजलेले पुस्तक सापडते. त्यात क्रमांक, हुद्दा, नाव, भरतीची तारीख, सेवामुक्तीची तारीख आणि वर्तणुकीचा शेरा असतो. सैनिकांच्या बोलीत हे ‘डिस्चार्ज बुक’. पदकांची नोंदही त्यातच असते. ती पुष्कळदा अपुरी आढळते. कधी कधी ती जागा कोरीच असते. नातवंडे समजतात, आजोबांना काही मिळाले नसावे. वस्तुतः ते कमावलेले असते, फक्त लिहिलेले नसते.

हा विषय नाशिककरांच्या अगदी दाराशी आहे. तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आणि तोफखान्याचे अभिलेख कार्यालय नाशिकरोड कॅम्प येथे आहे. केरळातील असो वा पंजाबातील, तोफखान्याच्या जवानाला आपल्या सेवेचा कागद हवा असेल तर तो नाशिकरोडच्या पत्त्यावरच अर्ज धाडतो. अधिकाऱ्यांचे दप्तर मात्र दिल्लीला. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांचे बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्याजवळ खडकीला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. आपले आजोबा कोणत्या पलटणीत होते हेच ठाऊक नसेल, तर अर्ज कोठे करावा येथूनच अडचणीला आरंभ होतो.

नोंद निसटते कशी, हे व्यापारी घरात वाढलेल्या वाचकाला चटकन उमजेल. आपल्याकडे दिवसाचा व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहिला जातो आणि मग तो खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढतो. सैन्यातही तसेच आहे. जवानाच्या आयुष्यातील प्रत्येक घटना, म्हणजे बढती, विवाह, अपत्य, जखम, पदक, त्याच्या युनिटच्या ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये प्रसिद्ध होते. ही झाली रोजकीर्द. तिच्या आधारे अभिलेख कार्यालयात त्याच्या ‘शीट रोल’मध्ये नोंद होते. ही खतावणी. जवान त्या वेळी दुसऱ्या तुकडीशी संलग्न असला, रुग्णालयात असला, किंवा त्याची बदली झाली असली, तर एका वहीतील ओळ दुसऱ्या वहीपर्यंत पोहोचेलच असे नाही. नावाच्या लेखनातील घोळ वेगळाच. वडिलांचे नाव आडनावाच्या जागी पडले की एकच मनुष्य कागदावर दोन होतो.

आणखी एक कारण आहे, ते फारसे कोणी ध्यानात घेत नाही. युद्ध आधी होते आणि त्याचे पदक मागाहून निर्माण होते. १९६५ च्या युद्धासाठीचे समर सेवा स्टार आणि रक्षा पदक १९६७ मध्ये स्थापन झाले. १९७१ च्या युद्धासाठीचे पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक १९७३ मध्ये. मधल्या काळात जो गणवेश उतरवून गावी परतला आणि नांगरामागे उभा राहिला, त्याच्या सेवामुक्तीच्या पुस्तकात ते पदक असणार तरी कसे? त्याने पुस्तक मिटून पेटीत ठेवले, त्या वेळी ते पदक अस्तित्वातच नव्हते.

येथे शौर्यपदक आणि सेवापदक यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. शौर्यपदकासाठी शिफारस लागते, निवड होते. सेवापदक हा निव्वळ तारखांचा आणि ठिकाणांचा हिशेब असतो. ५ ऑगस्ट १९६५ रोजी जो सेवेत होता आणि ज्याची १८० दिवसांची सेवा झाली होती, तो रक्षा पदकाचा हक्कदार. १५ ऑगस्ट १९७२ रोजी जो सेवेत होता, त्याला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक. १५ ऑगस्ट १९९७ रोजी जो होता, त्याला पन्नासाव्याचे. नऊ वर्षे, वीस वर्षे, तीस वर्षे अशा दीर्घ सेवेची पदके निराळी. संग्राम पदकाला कालावधीबरोबर प्रदेशाचीही अट आहे. ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात जवान कोठे होता, हे तेथे पाहावे लागते. १९४७ च्या सामान्य सेवा पदकावर तर स्थळकाळाची पट्टीच चढवतात. त्यांतील एका पट्टीवर ‘गोवा १९६१’ असे लिहिलेले असते आणि ती मराठी घरांतून अजून निघू शकते. तेव्हा आजोबांचे पुस्तक उघडावे, भरतीची आणि सेवामुक्तीची तारीख कागदावर मांडावी आणि या तारखा त्यांत बसतात का ते पाहावे. हिशेब कोणीही करू शकेल.

मग हे आजवर का झाले नाही? माझ्या मते, सेवापदकाबरोबर पैसा येत नाही हे त्याचे सरळ उत्तर आहे. निवृत्तिवेतनात शंभर रुपयांची चूक असली तर मनुष्य दहा फेऱ्या मारतो. पदकासाठी तो म्हणतो, जाऊ द्या. मागणे त्याला मानी स्वभावामुळे जड जाते. परंतु हे मागणे नव्हे. उधारी वसूल करताना आपण याचना करतो काय?

उशिरा का होईना, नोंद दुरुस्त होते, याचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. ते सेवापदकाचे नाही, पण जातकुळी तीच. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्याच्या ईएमई दलातील जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कायमचे अपंग झाले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याच्या ५० मीटर शर्यतीत त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. भारताचे पॅरालिम्पिकमधील ते पहिले सुवर्ण. १९८२ मध्ये अर्जुन पुरस्कारासाठीची त्यांची मागणी नाकारली गेली. २०१८ मध्ये पद्मश्री आली आणि जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार. मधल्या त्रेचाळीस वर्षांत त्यांच्या कामगिरीत एका सेकंदाचाही फरक पडला नव्हता.

पेटकर यांना आयुष्य लाभले. सर्वांना लाभत नाही, आणि कागदालाही वय असते. निवृत्तिवेतनाविना सेवामुक्त झालेल्या जवानांची कागदपत्रे साधारणतः पंचवीस वर्षांनी नष्ट करण्याची तरतूद आहे. मागे उरतो तो ‘लाँग रोल’, म्हणजे मोजक्या तपशिलांची कायम नोंदवही. अमेरिकेत तर १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइस येथील अभिलेखागाराला आग लागून सैनिकांच्या दीड कोटींहून अधिक फाइली जळाल्या. तेथील कुटुंबे पगाराच्या नोंदी आणि तुकड्यांचे दैनिक अहवाल जुळवून आपल्या माणसांची पदके आजही सिद्ध करीत आहेत. आपल्याकडे १९६५ मध्ये विशीत असलेला जवान आज ऐंशीच्या घरात आहे. त्याच्या शेजारच्या तोफेवर कोण होते, पलटण कोणत्या गावाजवळ उभी होती, हे आज तो सांगू शकतो. उद्या पुस्तक असेल, सांगणारा नसेल.

लष्करी गणवेशाच्या दुकानांत पदकांच्या नकला मिळतात आणि प्रजासत्ताक दिनासाठी कित्येक जण त्या घेतातही. त्यात अप्रामाणिक काही नाही, पण मूळ पदकाच्या कडेवर जवानाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. नकलेची कड गुळगुळीत असते. शिवाय नकल विकत आणल्याने अभिलेखातील रिकामी जागा भरत नाही.

अर्ज साधा असावा. क्रमांक, हुद्दा, नाव डिस्चार्ज बुकात आहे तसेच, अक्षराचाही बदल न करता लिहावे. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या युनिटमध्ये होते, ते द्यावे. कोणते पदक आणि कोणत्या आधारे, हे एका वाक्यात सांगावे. पुस्तकाच्या सर्व पानांच्या प्रती जोडाव्यात, मूळ पुस्तक कोणालाही देऊ नये. जवान हयात नसेल तर वारसाने आपले नाते दाखवणारा कागद जोडावा. लिहिताना अडले तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मार्गदर्शन मिळते. नोंद सापडत नाही असे उत्तर आले, तर कोणती वही पाहिली, ते नम्रपणे विचारावे. माहितीच्या अधिकाराचा मार्गही खुला आहे. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा आणि त्याची पोच डिस्चार्ज बुकाच्या शेवटच्या पानाला टाचून ठेवावी.