मातेचें वजन आणि पहिलें दूध



गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व सीमेकडे, भामरागड तालुक्यांत, हेमलकसा नांवाचें गांव आहे. बाबा आमटे यांनीं १९७३ सालीं तेथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं माडिया गोंडांची शुश्रूषा आरंभिली. त्या अरण्यांतील एक कृश माता आणि मुंबई-पुण्याकडील भरल्या अंगाची एक माता, या दोघी एकाच दिवशीं बाळंत झाल्या असें समजा. दूध आधीं कोणीस उतरेल? आपणांपैकीं पुष्कळ जण दुसरीकडे बोट दाखवितील. वैद्यकाचें उत्तर मात्र तसें नाहीं.

प्रसूतीनंतर पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. पिवळसर, दाट आणि मोजका. वार पडली म्हणजे प्रोजेस्टेरॉन नांवाचा अंतःस्राव झपाट्यानें ओसरतो व त्यानें दुधास घातलेला बांध सुटतो. मूल चोखूं लागलें कीं मस्तकांतील पीयूषिका ग्रंथींतून प्रोलॅक्टिन स्रवतें, आणि बहुधा तीन दिवसांच्या आंत दुधाचा भर येतो. गर्भधारणेपूर्वींच जिचें वजन फार होतें, तिच्या बाबतींत हा भर ७२ तासांपलीकडे लांबण्याचा संभव अधिक असतो. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅथलीन रासमुसेन यांनीं एका सहकाऱ्यासह २००४ सालीं दाखविलें कीं, अशा स्त्रियांत मूल चोखीत असतां पहिल्या आठवड्यांत प्रोलॅक्टिन कमी वाढतें. शस्त्रक्रियेनें होणारी प्रसूतिही त्यांच्यांत अधिक. तिनेंही विलंब होतो.

वजन फार कीं थोडें, हें ठरविण्यासाठीं किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागावें. उत्तर १८.५ च्या खालीं आलें तर कृशता. २५ वा अधिक आलें तर वजन प्रमाणाबाहेर. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें १९ पहिल्या वर्गांत, तर २४ दुसऱ्या वर्गांत होत्या. शहरांत हा दुसरा आंकडा ३३ च्या घरांत होता. आदिवासी स्त्रियांत मात्र कृशताच अधिक.

कृश मातेचें दूध सहसा आटत नाहीं. खाणें तुटपुंजें असलें तरी शरीर आपल्या सांठ्यांतून तें पुरवितें. कांहीं जीवनसत्त्वें तेवढीं उणीं पडतात. दुष्काळासारखी तीव्र उपासमार झाली तरच दुधाचें मान घटतें. परंतु ही किंमत माता स्वतःच्या हाडामांसानें देते, आणि तिच्या पोटीं बहुधा अल्पवजनाचें मूल येतें, ज्याला नीट चोखण्याचेंही बळ नसतें. तेव्हां तिला रोज सुमारें ५०० उष्मांक अधिक अन्न मिळणें हें आईच्या जिवासाठीं आहे.

शहरांतील घरीं संकट निराळेंच. तिसऱ्या दिवशीं दूध दिसेना, कीं सासूबाई अळिवाची खीर वाढवितात, शेजारीण बाटली सुचविते, आणि "हिला दूधच नाहीं" असा निकाल लागतो. (अळिवाविरुद्ध माझी तक्रार नाहीं, निकालाविरुद्ध आहे.) बाटलीनें पोट भरलेलें मूल कमी चोखतें, मग प्रोलॅक्टिन आणखी कमी, आणि दूध खरोखरच कमी! उशीर हा अभाव नव्हे. पहिल्या तासांतच मूल छातीशीं द्यावें, नंतर दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळां पाजावें, मध किंवा गुळाचें पाणी देऊं नये. गडचिरोलींतच डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें १९९५ पासून ३९ गांवांत खेड्यांतील स्त्रियांनाच घरोघरीं नवजातांची काळजी घेण्यास शिकविलें; स्तनपानास साहाय्य हा तिचा एक भाग होता, आणि नवजात बालकांचे मृत्यु पुष्कळच घटले.

पहिल्या दिवसांत मुलाचें वजन थोडें घटणें स्वाभाविक आहे. मात्र ती घट जन्मवजनाच्या दशांशाहून अधिक झाली, मूल सुस्त पडून चोखेनासें झालें, किंवा पांचव्या दिवशीं सहा वेळांहून कमी लघवी झाली, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें.