नायक घोड्यावरून उतरतो तेव्हा



आज हप्ता, व्याज आणि बँकेचा विषय बाजूला ठेवू. आज बोलायचे आहे गोष्टीतल्या नायकाबद्दल.

जांभूळच्या आमच्या बचत गटांतल्या बायका रेडिओसाठी गोष्टी आणि छोट्या श्रुतिका लिहू लागल्या आहेत. विषय कोणता घ्यायचा असे विचारले, की बहुतेकींचे उत्तर एकच येते: जुन्या काळातली प्रेमाची गोष्ट. शिवकाळातली नाही तर पेशवाईतली. लिहून आणतात त्यातली नायिका जिवंत असते. तिची चूल धुरकटलेली असते, सासू कुरकुरत असते, पाण्याची वाट चढाची असते. नायक आला की मात्र गोष्टीचे कॅलेंडर होते. उंचापुरा, पाणीदार डोळ्यांचा, पांढरा घोडा, कमरेला तलवार. तो येतो, दहा जणांना लोळवतो, तिला उचलून घोड्यावर बसवतो आणि गोष्ट संपते. ऐकताना बरे वाटते, पण दुसऱ्या दिवशी त्याचे नावही आठवत नाही.

मग मनात राहणारा नायक कसा घडवायचा? आम्ही इतके शिकलो आहोत, की रणातला पराक्रम बघून लोक त्याला मान देतात. पण जीव लावतात तो तो घोड्यावरून उतरल्यावर कसा वागतो ते बघून. ज्यांचे त्याच्यापुढे काही चालत नाही, त्यांच्याशी तो कसा वागतो, यात नायकाची खरी परीक्षा असते.

आपल्या मराठीत ऐतिहासिक कादंबरीची परंपरा मोठी आहे. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानतात. ती १८७१ साली पुस्तकरूपाने आली. पुढे हरी नारायण आपटे, नाथमाधव आले. पण घराघरांतल्या बायकांनी ज्याच्यासाठी डोळे पुसले, असा नायक विचाराल तर रणजित देसाईंच्या 'स्वामी'तले माधवराव पेशवे. ही कादंबरी १९६२ साली आली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नंतर दूरदर्शनवर मालिकाही झाली, ती पाहिलेल्या आज्या आणि मावश्या आपल्या गटात आजही आहेत.

हे माधवराव का आवडतात, ते जरा उलगडून पाहू. इतिहासातले माधवराव १७६१ साली पेशवे झाले, तेव्हा त्यांचे वय सोळा होते. त्याच वर्षी पानिपत झालेले. थोरला भाऊ विश्वासराव रणात गेलेला, पाठोपाठ वडील नानासाहेब गेलेले. डोक्यावर कर्ज, समोर निजाम आणि हैदर, आणि घरात सत्तेसाठी अडून बसलेले काका राघोबादादा. वर शरीर क्षयाने पोखरलेले. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला ते वारले, तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते.

आता बघा, यात नायकाकडे काय नाही? वय नाही, पैसा नाही, तब्येत नाही, घरातल्या माणसांचा आधार नाही. आणि तरी तो उभा राहतो. ऐकणारी बाई इथेच त्याच्याशी जोडली जाते, कारण अपुऱ्या पैशात आणि अपुऱ्या बळात घर उभे ठेवणे तिला रोजचे ठाऊक आहे. म्हणून नायकाला पहिल्यांदा एक उणीव द्या. ती खरी असू द्या, आणि शेवटपर्यंत ती त्याला आडवी येऊ द्या. पहिल्या पानावर लंगडणारा आणि तिसऱ्या पानावर धावणारा नायक कोणाला खरा वाटत नाही.

दुसरी गोष्ट, त्याच्या वागण्याची. माधवरावांनी १७६३ साली राक्षसभुवनला निजामाचा पराभव केला, हे शाळेच्या पुस्तकात आहे. पण त्यांच्या कारभाराची आठवण निघते ती रामशास्त्री प्रभुण्यांसारख्या न्यायाधीशाचे ऐकून घेण्यासाठी आणि रयतेवरची वेठ मोडण्याच्या प्रयत्नासाठी. वेठ म्हणजे गावकऱ्याला पकडून फुकट ओझी वाहायला लावणे. निजामाला हरवणे हा पराक्रम आहेच. पण ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्या डोक्यावरचे ओझे उतरवणे, हे बघून आपला जीव जडतो.

आपल्या शेजारच्या कल्याणचीच गोष्ट घ्या. १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली. त्या वेळी आबाजी सोनदेवांनी कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला धरून आणले आणि महाराजांनी तिला मानाने परत पाठवले, ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो. बरेच इतिहासकार तिला आख्यायिका म्हणतात. पण लोकांनी ती साडेतीनशे वर्षे जपली, यावरून लोकांना नायकात काय हवे असते ते कळते. आणि आख्यायिका बाजूला ठेवली तरी कागद आहे: रांझे गावच्या पाटलाने एका बाईशी बदअंमल केला म्हणून त्याचे हातपाय तोडल्याचे शिवाजी महाराजांचे १६४६ सालचे पत्र. पाटील बलवान, बाई एकटी, आणि न्याय बाईच्या बाजूने. आपल्या मातीत नायकाचे माप हे असे आहे. ते सोडून बाईला मनगटाला धरून ओढणारा नायक आपण का रंगवायचा?

हे मुद्दाम बोलतो आहोत. आपल्या श्रुतिका शाळा-कॉलेजच्या मुली ऐकतात. नायिका 'नको' म्हणते, नायक हसतो, तिची वाट अडवतो, आणि शेवटी ती त्याचीच होते, असे आपण लिहिले तर मुलगी काय शिकेल? की नकोचा अर्थ हो असतो. हे शिकलेली मुलगी उद्या बसस्टॉपवर वाट अडवणाऱ्यालाही नायक समजेल. जुना काळ आहे म्हणून चालते, असे म्हणून सुटता येत नाही. काळ जुना असला तरी ऐकणारी आजची आहे. नायिका नको म्हणाली तर नायक थांबला पाहिजे. त्या थांबण्यात जो ताण असतो, तो दहा तलवारींत नसतो.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रेमाची किंमत. ना. सं. इनामदारांची 'राऊ' १९७२ साली आली. बाजीराव आणि मस्तानीची ही कथा. २०१५ चा हिंदी चित्रपट तिच्याच आधारावर निघाला. बाजीरावांनी मस्तानीसाठी घरच्यांचा आणि पुण्यातल्या कर्मठ लोकांचा विरोध सोसला. पण या गोष्टीत आणखी एक बाई आहे, काशीबाई. तिने काय सोसले? नायकाच्या प्रेमाचे बिल नायकाशिवाय आणखी कोण भरते, हे लिहिणाऱ्याने दाखवले पाहिजे. पुढे मस्तानीचा मुलगा समशेर बहाद्दर पानिपतावर पेशव्यांच्याच बाजूने लढून गेला. ज्या घराने आईला आपले म्हटले नाही, त्याच घरासाठी मुलाचा जीव गेला. नायकाला दोष द्यायला हवा असे नाही, पण त्याला हे दिसले पाहिजे. ज्याला आपल्यामुळे दुसऱ्याला झालेली जखम दिसत नाही, असा नायक बायकांच्या मनात फार दिवस टिकत नाही.

चौथी गोष्ट अवघड आहे, पण टाळून चालणार नाही. माधवरावांच्या मागे रमाबाई थेऊरला सती गेल्या. हा इतिहास आहे, आणि थेऊरच्या गणपतीला गेलेल्या अनेकींनी त्यांची समाधी पाहिली असेल. असा प्रसंग लिहिताना हात आपोआप फुले आणि वाद्ये लिहू लागतो. तिथे सावध राहायचे. १८२९ साली बंगाल प्रांतात सतीबंदीचा कायदा झाला, पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात. आणि १९८७ च्या कायद्याप्रमाणे सतीचा गौरव करणे हासुद्धा गुन्हा आहे. मग लिहायचेच नाही का? लिहायचे, पण बाईच्या बाजूने. तिचे वय काय, तिच्यापुढे दुसरा कोणता रस्ता होता, विधवेच्या वाट्याला तेव्हा काय येत होते, आजूबाजूला कोण गप्प राहिले, हे लिहायचे. आणि नायक खरा प्रेमाचा असेल, तर आपल्या मागे तिचे काय होईल या काळजीने त्याची झोप उडू द्या. ती आपल्यासाठी मरेल या अभिमानापेक्षा ती काळजी त्याला कितीतरी मोठा करते.

आता हे सगळे वापरून आपण एक नायक घडवू. खऱ्या राजाच्या किंवा पेशव्याच्या तोंडी मनाची प्रेमाची वाक्ये घालण्यापेक्षा त्या काळातला साधा माणूस घ्यावा. त्यात आपल्याला मोकळीक असते आणि कोणावर अन्यायही होत नाही.

आपली उल्हास नदी बदलापूरवरून कल्याणकडे जाते आणि पुढे वसईच्या खाडीला मिळते. कल्याणला रेल्वे आली १८५४ साली; त्याआधी मालाची मोठी वाहतूक या पाण्यावरून चाले. साल घेऊ १७३९. चिमाजी आप्पांच्या फौजेने वसईच्या किल्ल्याला वेढा दिला आहे. आपला नायक कल्याणच्या बंदरावरचा होडीवाला. वय पंचवीस. धाकटा भाऊ भरतीत वाहून गेलेला, तेव्हापासून रात्रीच्या पाण्याची त्याला भीती. ही त्याची उणीव. नायिका तरुण विधवा, म्हाताऱ्या सासूला सांभाळते आणि पलीकडच्या बाजाराला सुकी मासळी विकायला जाते. त्यांच्या जातीत पाट लावायची रीत आहे, म्हणजे तिचे दुसरे लग्न होऊ शकते.

त्याचे तिच्यावर मन आहे, हे कसे दाखवाल? पहिला विचार येतो, की तो तिच्याकडून उतराई घेत नाही. पण थांबा. त्याने उतराई घेतली नाही, तर होडीतली माणसे काय बोलतील? नाव कोणाचे खराब होईल? म्हणून आपला नायक सगळ्यांसमोर तिच्याकडून इतरांइतकेच मूठभर तांदूळ मोजून घेतो. काही जास्त बोलत नाही. फक्त ती टोपली घेऊन चढेपर्यंत होडी काठाला घट्ट धरून ठेवतो. ऐकणारीला कळते. आणि नायिकेलाही कळते.

मग एका रात्री वसईकडे धान्य पोचवायचे फर्मान येते. रात्रीचे पाणी, आणि त्याची भीती. न जावे तर गावावर राग, जावे तर परत येईल याची खात्री नाही. जाण्याआधी तो पाटाचे विचारतो. ती लगेच हो म्हणत नाही. विचारते, सासूचे काय? इथे त्याचे उत्तर म्हणजे सगळी गोष्ट. ते उत्तर आम्ही सांगत नाही, तुम्ही लिहा.

लिहिताना काळ सांभाळा. १७३९ मध्ये काडेपेटी नाही, हातात घड्याळ नाही, नायक येताच नायिका चहा टाकत नाही. विस्तव शेजारून आणायचा, वेळ सूर्यावर नाही तर भरती-ओहोटीवर ओळखायची. अशा बारीकसारीक गोष्टींनी काळ खरा होतो.

आणि रेडिओचे एक लक्षात ठेवा. इथे नायकाचे तोंड दिसत नाही. नाक, डोळे, खांदे, सगळे वर्णन वाया जाते. ऐकू येते ते एवढेच: तो पाणी कसे मागतो, म्हातारीला काय म्हणून हाक मारतो, चिडल्यावर आवाज चढवतो की गप्प होतो, दाराशी आल्यावर आत येतो की उंबऱ्याबाहेर थांबून विचारतो. रेडिओवर नायक देखणा करायचा तो असा.

पुढच्या बैठकीला येताना तुमच्या नायकाबद्दल तीन प्रश्नांची उत्तरे लिहून आणा. त्याला कशाची भीती वाटते? ज्याच्याकडून त्याला काहीच मिळणार नाही, अशा माणसाशी तो कसा वागतो? आणि नायिका नाही म्हणाली, तर तो दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतो? लिहिता येत नसेल तर सांगा, गटातली दुसरी लिहून घेईल. तिन्ही उत्तरे मिळाली की घोडा दिलात तरी चालेल, नाही दिलात तरी चालेल.