सापडणारं शीर्षक

मार्कंड्याजवळ वैनगंगा उत्तरेकडे वळते. त्या वळणावर महादेवाची जुनी दगडी मंदिरं आहेत आणि महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. काही वर्षांपूर्वी या यात्रेत माझ्या भाच्याने दंडारीतल्या एका वृद्ध कलावंताला नदीकाठी बसवलं आणि त्याचं गाणं मोबाईलवर टिपलं. अकरा मिनिटांचं चित्रण. ते यूट्यूबवर चढवताना त्याने मला विचारलं, ‘‘मामू, याला नाव काय देऊ?’’ मी पडलो कवी. म्हटलं, ‘सांजवेळचा सूर’ दे. नाव मला फार आवडलं होतं. वर्षभरात ते गाणं अडतीस जणांनी पाहिलं. त्यातले निम्मे आमच्याच घरचे असावेत.

पुढे तो म्हातारा वारला. त्याची मुलगी लग्न होऊन सुरतेला गेलेली. तिचा भाच्याला फोन आला, ‘‘भाऊ, बाबाचा गाना मोबाईलात हाये म्हन्तेत, मले तं दिसेच नाही.’’ तिने इंग्रजी अक्षरांत ‘मार्कंडा दंडार’ लिहून शोधलं होतं. तिच्यासमोर आली हरियाणातली मार्कंडा नदी, सप्तशृंगीशेजारचा मार्कंड्या डोंगर आणि तेलंगणातल्या गोंडांचं दंडारी नृत्य. बापाचा आवाज तिथेच कुठेतरी होता, पण माझ्या शीर्षकाखाली गाडलेला. मला त्या दिवशी माझ्या कवीपणाची लाज वाटली.

मित्रहो, चित्रफितीच्या शोधाचं गणित इथेच सुरू होतं. आपण पाहतो ते चित्र. शोधयंत्राला मात्र मुख्यतः शब्दांचा आधार लागतो. हल्ली यंत्र आवाजातलं आणि चित्रातलंही थोडंफार ओळखतं, हे खरं. पण झाडीबोलीत, ढोलकीच्या तालावर गायलेलं गाणं कुणाचं, कोणत्या गावचं, हे आपणच सांगावं लागतं. शोधातला क्रम लावताना शोधलेल्या शब्दांशी शीर्षक, वर्णन आणि आतला मजकूर किती जुळतो, लोक ती फीत किती वेळ पाहतात आणि वाहिनी त्या विषयात किती विश्वासार्ह आहे, हे पाहिलं जातं, असं यूट्यूबनेच सांगितलेलं आहे. त्यातली पहिली गोष्ट तर पूर्णपणे आपल्याच हातात असते.

शीर्षकाला शंभर अक्षरांची मर्यादा आहे आणि मोबाईलच्या पडद्यावर शेवटची अक्षरं कापलीही जातात. म्हणून महत्त्वाचं आधी. आम्ही त्याच रात्री नाव बदललं : ‘दंडार गीत, मार्कंडा, जि. गडचिरोली, झाडीपट्टी लोककला’, आणि शेवटी इंग्रजी अक्षरांत दंडार व मार्कंडा. यात काव्य नाही, पण पत्ता आहे. जिल्ह्याचं नाव आलं की हरियाणा आणि नाशिक आपोआप बाजूला होतात. नाव बदलायला फीत पुन्हा चढवावी लागत नाही. उलट पुन्हा चढवली, तर जुना दुवा ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी तो निकामी होतो आणि पाहणाऱ्यांची मोजणी शून्यापासून सुरू होते.

खाली वर्णनासाठी पाच हजार अक्षरांची जागा असते. बहुतेक जण ती रिकामी सोडतात, याचं मला नवल वाटतं. पहिल्या दोन-तीन ओळीच लगेच दिसतात, म्हणून कलावंत कोण, गाव, तालुका, वर्ष, बोली हे तिथे यावं. घरच्यांची संमती घेऊन आम्ही कलावंताचं नावही लिहिलं. एकाच गोष्टीची दोन नावं असतील तर दोन्ही द्यावीत. झाडीपट्टीची नाटकं जिथून बुक होतात ते गाव कुणी वडसा म्हणून शोधतो, कुणी देसाईगंज म्हणून. झाडीपट्टीचा ‘झ’ इंग्रजीत कुणी झेडने लिहितो, कुणी जे-एचने. अशा चुकीच्या वा पर्यायी स्पेलिंगांसाठी ‘टॅग’ नावाची जागा आहे. तिचा उपयोग एरवी फारच थोडा. (माझं स्वतःचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी छापलेलं आहे. त्यामुळे या दुखण्याशी माझी जुनी ओळख.)

रात्रभराचं नाटक चढवणाऱ्यांनी आणखी एक काम करावं. वर्णनात वेळ लिहून प्रवेशांची नावं द्यावीत. पहिली नोंद ००:०० ची, निदान तीन नोंदी आणि प्रत्येक भाग दहा सेकंदांहून कमी नको, एवढाच नियम. मग लावणी हवी असणाऱ्याला दोन तास चाचपडत बसावं लागत नाही. गाण्याचे शब्द उपशीर्षकं म्हणून टंकून दिले तर बोली न कळणाऱ्यालाही ते समजतात. आमच्या अकरा मिनिटांना तीन संध्याकाळी लागल्या, कारण ‘ण’ की ‘न’ यावर मामा-भाच्यांत वाद झाले. म्हातारा ‘न’ गायला होता, म्हणून ‘न’ ठेवला.

काही पोरं गाजलेल्या नटनट्यांची नावं खाली कोंबतात. भाच्यालाही तो मोह झाला होता. दिशाभूल करणारा मजकूर यूट्यूबच्या नियमांत बसत नाही, फीत काढूनही टाकली जाऊ शकते. शिवाय नटीला शोधत आलेला माणूस म्हाताऱ्याला पाहून चार सेकंदांत निघून जातो, आणि त्याचं असं निघून जाणं यंत्र टिपून ठेवतं.

फीत चढवणाऱ्याला यूट्यूब स्टुडिओत एक यादी मिळते : लोक कोणते शब्द लिहून आपल्यापर्यंत पोहोचले. सुरतेच्या मुलीला आम्ही दुवा पाठवलाच होता. दोनेक महिन्यांनी भाच्याने मला ती यादी दाखवली. ‘दंडार’ होतं, ‘मार्कंडा यात्रा’ होतं, आणि आम्हाला न सुचलेलं एक होतं : ‘झाडीबोली जुने गाणे’. ‘सांजवेळ’ कुणीच लिहिलं नव्हतं. भाच्याने तो नवा शब्द तिथल्या तिथे वर्णनाच्या दुसऱ्या ओळीत घातला आणि माझ्याकडे पाहून हसला.