कावळा, फांदी आणि एसएमपीएस : कारण शोधायचं कसं?

कार्यकारणभावावर आपण गेले काही आठवडे बोलतोय. मागच्या वेळी काही तरुण श्रोते म्हणाले, "सर, घट आणि कुंभार पुष्कळ झालं, आता रोजच्या वापरातलं उदाहरण द्या." रास्त मागणी आहे. म्हणून आजचं उदाहरण डेस्कटॉप संगणकाचं.

समजा, इथेच तुळजापुरात एका घरी सात-आठ वर्षांचा डेस्कटॉप आहे. मुलीचा अभ्यास, दुकानाचे हिशेब, घरातले फोटो, सगळं त्याच्यावर. नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं, त्याला जुना एसएमपीएस पुरणार नाही, म्हणून सोलापूरहून जास्त वॅटचा आणला. जुना काढला, नवा बसवला, बटण दाबलं. संगणक सुरू होईना! घरातला पहिला निष्कर्ष काय? "नवा एसएमपीएस खराब." बरं, जुना परत लावून पाहिला. तरीही नाही. आता दुसरा निष्कर्ष: "मदरबोर्ड उडाला." आणि तिसरा, शेजाऱ्यांचा: "जुनं झालंय, नवीनच घ्या."

या तीनही वाक्यांत पैसे आहेत, आणि तिसऱ्यात तर घरातले फोटोही जाऊ शकतात. म्हणून तर्क नीट करायला हवा. तर्क चुकला की खिशाला भोक पडतं, हे तत्त्वज्ञानाच्या वर्गात सहसा सांगत नाहीत.

आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. एकामागून एक घडलं, म्हणून पहिलं दुसऱ्याचं कारण होत नाही. पण इथे जरा सावध राहा. एसएमपीएस बदलण्याआधी संगणक चालत होता, बदलल्यावर बंद पडला. म्हणजे त्या दोन तासांतच काहीतरी झालं, हा संशय रास्तच आहे. जॉन स्टुअर्ट मिलने 1843 च्या आपल्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात व्यतिरेकाची पद्धत मांडली: दोन प्रसंग सगळ्या बाबतींत सारखे असतील आणि एकाच बाबतीत वेगळे, तर तो फरक कारणाशी जोडता येतो. आता प्रश्न विचारा, आपल्या उदाहरणात फरक खरंच एकच आहे का?

मोजून बघू. मदरबोर्डची 24 पिनांची केबल काढून लावली. प्रोसेसरची चार किंवा आठ पिनांची वेगळी केबल काढली. हार्ड डिस्कच्या केबल काढल्या. कॅबिनेटमध्ये हात घातला, तेव्हा रॅमला धक्का लागला असेल. ग्राफिक्स कार्ड काढून बसवलं. समोरच्या बटणाची बारीक वायर ओढली गेली असेल. शिवाय संगणक दोन तास मेन लाइनपासून तोडलेला होता. आपण म्हणतो "एक वस्तू बदलली". प्रत्यक्षात सात-आठ गोष्टी बदलल्या. जुना एसएमपीएस परत लावूनही संगणक सुरू झाला नाही, यावरून मदरबोर्ड उडाला असं ठरत नाही. बाकीचे बदल अजून तसेच आहेत, एवढंच ठरतं.

पुढे जाण्याआधी यंत्र सुरू कसं होतं ते पाहू. आजचे एसएमपीएस ज्या एटीएक्स मानकाप्रमाणे बनतात, ते इंटेलने 1995 मध्ये आणलं. त्यात बंद संगणकही पूर्ण बंद नसतो. मेन चालू असेल, तर 5 व्होल्टचा एक राखीव प्रवाह मदरबोर्डला मिळतच असतो. बटण दाबलं की मदरबोर्ड एसएमपीएसला "सुरू हो" असा इशारा देतो. मग 12, 5 आणि 3.3 व्होल्टचे पुरवठे सुरू होतात. ते स्थिर झाले की एसएमपीएस उलट इशारा पाठवतो, "वीज ठीक आहे." हा निरोप आल्यावरच प्रोसेसर कामाला लागतो. म्हणजे ही साखळी आहे, आणि ती कुठे तुटली हे लक्षणावरून ओळखता येतं.

पहिलं लक्षण: काहीच हालचाल नाही. मागचं बटण चालू आहे का? भिंतीतल्या सॉकेटला वीज आहे का? 24 पिनांची केबल खटका लागेपर्यंत बसली आहे का? समोरच्या बटणाची वायर निघाली आहे का? काही जुन्या एसएमपीएसवर 115 आणि 230 असा लाल खटका असतो. आपल्याकडे तो 230 वरच हवा. 115 वर ठेवून वीज दिली, तर एसएमपीएस जळू शकतो.

दुसरं लक्षण: पंखा क्षणभर फिरून थांबतो. इथे बहुतेक वेळा एसएमपीएस स्वतःला वाचवतोय. कुठेतरी शॉर्ट आहे: एखादा सुटा स्क्रू, उलटी दाबून बसवलेली केबल.

तिसरं लक्षण: पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही. सगळ्यांत आधी प्रोसेसरची केबल बघा. ती विसरणं फार सामान्य आहे. मग रॅम काढून पुन्हा बसवा, ग्राफिक्स कार्डची केबल तपासा. मॉनिटरची केबल कार्डऐवजी मदरबोर्डला लागली नाही ना, तेही पाहा.

चौथं लक्षण: डिस्प्ले येतो, विंडोज येत नाही. हे लक्षण मला सर्वांत बोधप्रद वाटतं. मदरबोर्डवर नाण्यासारखी 3 व्होल्टची बॅटरी असते. ती कधीच संपलेली असू शकते, पण मेनच्या राखीव प्रवाहामुळे ते कुणाला कळत नाही. दोन तास वायर काढली की बायॉसमधल्या नोंदी पुसल्या जातात. तारीख मागे जाते, हार्ड डिस्क वाचण्याची रीत बदलते, आणि विंडोज अडते. एसएमपीएस निर्दोष, मदरबोर्ड निर्दोष. दोषी आहे स्वस्तातली बॅटरी. ती बदला, बायॉसमधली नोंद पूर्ववत करा. इथे घाईने फॉरमॅट मारला, तर फोटो गेले!

न्यायशास्त्रात याला नाव आहे: अन्यथासिद्ध. कुंभाराचं गाढव माती वाहून आणतं, मडक्याआधी ते हजर असतं, पण मडक्याचं कारण नसतं. माती बैलगाडीतूनही येऊ शकली असती. इथे नवा एसएमपीएस म्हणजे ते गाढव. वायर कुठल्याही निमित्ताने काढली असती, तरी हेच झालं असतं.

एवढ्यानेही उलगडलं नाही, तर अन्वय-व्यतिरेक लावा. सगळं काढा. मदरबोर्ड, पंख्यासह प्रोसेसर, रॅमची एकच पट्टी एवढंच ठेवा. प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नसेल, तर कार्डही ठेवा. चाललं, तर एकेक वस्तू जोडत जा, आणि प्रत्येक वेळी आधी वीज तोडा. जी जोडल्यावर बंद पडतं आणि काढल्यावर पुन्हा चालतं, ती संशयित. दोन्ही बाजू तपासायच्या, नुसती एक नाही. आणि एका वेळी एकच बदल; दोन केले, तर संगणक सुरू झाला तरी कारण कळणार नाही.

*श्रोत्यांमधून प्रश्न: जुन्या एसएमपीएसच्या केबल चांगल्या असतील, तर नव्याला वापराव्यात का?*

चांगला प्रश्न. सुट्या निघणाऱ्या केबल असतील, तर अजिबात नको. एसएमपीएसच्या बाजूला पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही वेगळी असते. प्लग बसतो, पण 5 व्होल्टच्या जागी 12 व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क जळू शकते. बसतं म्हणून जुळतं असं नाही. लग्नातही नाही, संगणकातही नाही.

आणि एक सक्त सूचना. एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही 300 व्होल्टच्या आसपास वीज साठून राहू शकते. तिथे जिज्ञासा आवरा आणि जाणत्या माणसाकडे द्या. पण देताना "एसएमपीएस खराब आहे" असं सांगू नका. काय केलं, काय दिसलं, तेवढंच सांगा. निष्कर्ष तपासणीनंतर.

पुढच्या वेळी हाच प्रश्न वैद्याच्या निदानाबद्दल विचारू.